सभा आणि बैठक

आपल्या समाजातील लिहित्या मुलामुलींसाठी एक ‘लेखक मंडळ’ काढावे, असा विचार गेल्या वार्षिक सभेत पुढे आला. घटना, अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, वर्गणी असा मसुदाही तयार झाला आहे. हेतू स्तुत्य आहे, याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. तथापि मसुद्यावर शिक्कामोर्तब होण्यापूर्वी, मराठी लेखक आजवर कसकसे एकत्र आले हे ज्ञातिबांधवांपुढे ठेवावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

मराठी ग्रंथकारांची पहिली सभा १८७८ साली पुण्यास भरली. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांचा तीत पुढाकार होता. १८८५ च्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले. त्यांनी ते नाकारले. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या सुखदुःखास ठाव नाही, त्यांच्या सभेशी आमचे जुळावे कसे, असा त्यांच्या पत्राचा रोख होता. हातावर पोट असणाऱ्या घरांतून वर आलेल्या आम्हां मंडळींना ते पत्र आजही परके वाटत नाही. सभेला दार असते आणि दाराशी कोणी तरी उभा असतो.

पुढे १९०६ साली पुण्यास महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली. संमेलने गावोगावी भरू लागली. आपल्या सोलापुरात १९४१ साली वि. स. खांडेकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झाले. २००६ साली पुन्हा झाले, तेव्हा अध्यक्षस्थानी सोलापूरचेच सुपुत्र मारुती चितमपल्ली होते. हा गावाचा मोठाच बहुमान होय. परंतु चितमपल्लींचे लेखन मांडवात घडले नाही. वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडताना ते घडले.

आता दुसरी परंपरा पाहू. १९२३ साली पुण्यात काही तरुण कवी रविवारी एकत्र जमू लागले. चहा व्हावा, ज्याने त्याने नवी कविता वाचावी, इतरांनी तिची चिकित्सा करावी, असा त्यांचा परिपाठ. हेच ते रविकिरण मंडळ. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर बाळकृष्ण रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, द. ल. गोखले आणि प्रारंभी ग. त्र्यं. माडखोलकर अशी ही मोजकी मंडळी. एका माजघरात सहज मावतील एवढी! त्याच वर्षी त्यांनी ‘किरण’ हा आपला पहिला संग्रह काढला. पुढे आपापल्या कविता गावोगावी गाऊन दाखवल्या, आणि छापील पानावरची कविता पुष्कळ लोकांच्या कानी पोहोचली.

या मंडळात गुणच होते असे मात्र नव्हे. चार मित्र एकत्र बसले की एकमेकांची पाठ थोपटण्याचा मोह होतोच. अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ लिहून या कवींची जी यथेच्छ टर उडवली, ती त्यांना बाहेरून मिळालेली चिकित्साच म्हणावी लागेल; घरातली पुरी पडत नव्हती. शिवाय फुल्यांचा प्रश्न या माजघरालाही लागू पडतो. तेथे बसणारे सारे सुशिक्षित, आणि त्यांत स्त्री एकच.

तरीही एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या आठ जणांपैकी चौघे पुढे त्याच मोठ्या संमेलनाचे अध्यक्ष झाले : माधव जूलियन १९३६ साली जळगावास, माडखोलकर १९४६ साली बेळगावास, यशवंत १९५० साली मुंबईस आणि घाटे १९५३ साली अहमदाबादेस. संमेलनाने त्यांचा गौरव केला, हे खरे; पण जे गौरवायचे ते रविवारच्या चहाच्या बैठकीत आधीच रुजले होते. आमच्या मते मसुद्यात नेमका हाच क्रम उलटा झाला आहे.

सोलापूरकरांना यासाठी पुण्याकडेच पाहावे लागते असेही नाही. शाहीर राम जोशी येथलेच. घरची परंपरा विद्वत्तेची, पण लावणीची गोडी त्यांना तमाशाच्या फडाने लावली. फडात रचना त्याच रात्री लोकांसमोर उभी राहते आणि पडायची असेल तर तेथेच पडते. फडाला ना घटना होती, ना उपाध्यक्ष.

थोडे स्वतःविषयी सांगितल्यास वाचकांनी क्षमा करावी. नोकरीच्या आरंभी आम्ही कवितांची एक वही घेऊन एका साहित्यसंस्थेच्या वार्षिक समारंभास गेलो होतो. स्वागत, सत्कार, हार, आभार यांतच रात्र झाली. वही जशी नेली तशीच परत आणली. पुढे शाळा सुटल्यावर आम्ही तिघे शिक्षक वर्गातच बसून एकमेकांचे लिखाण वाचू लागलो. त्या वहीतील तब्बल अकरा कविता आमच्या सहकाऱ्याने निर्दयपणे खोडल्या. उरलेल्या दोन पुढे एका दिवाळी अंकात छापून आल्या.

मसुदा फेटाळावा असे आमचे म्हणणे नाही. पुस्तक छापणे, पारितोषिक देणे, मुलींना निर्धास्तपणे येता यावे अशी जागा मिळवून देणे, ही कामे संस्थेनेच करावयाची. पण अध्यक्षाची निवड वर्षभर लांबणीवर टाकावी. कार्यालयामागची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. तिची किल्ली आम्ही चिटणीसांकडे मागितली आहे. खुर्च्या नकोत, सतरंजी तेथे आहेच. ज्यांच्यापाशी वही असेल त्यांनी ती घेऊन यावे, आणि सोबत पेन्सिलही आणावी.