दगडांची लिपी वाचणारी

२१ मार्च २०२४ ची सकाळ हिंगोली जिल्हा सहजी विसरणार नाही. रमजानचे दिवस होते. सहेरी झाली होती, फजरची नमाज आटोपली होती आणि सहाच्या सुमारास जमीन हलली. ४.५ रिश्टर तीव्रतेचा धक्का, पाठोपाठ काही मिनिटांत दुसरा. ज्यांना ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवत होते, त्यांच्या काळजाचे पाणी झाले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसराला तर जमिनीखालून येणारे गूढ आवाज कित्येक वर्षे परिचयाचे आहेत. पुढे वर्गात मुलींनी आम्हाला विचारले, "जमिनीच्या पोटात काय चालले आहे, हे बघते तरी कोण?"

उत्तरादाखल आम्ही एका बाईची हकिकत सांगितली. तीच वाचकांसमोर ठेवीत आहोत.

सुदीप्ता सेनगुप्ता यांचा जन्म १९४६ साली कलकत्त्यात झाला. जादवपूर विद्यापीठातून त्यांनी भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरी केली, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात संशोधन केले. खडकांना घड्या कशा पडतात, ते कसे पिळवटतात, हा त्यांचा विषय. हे काम खुर्चीत बसून होत नाही. हातोडी आणि होकायंत्र घेऊन डोंगर तुडवावे लागतात. त्या गिर्यारोहण शिकलेल्या होत्या, शिकवणारे होते तेनसिंग नोर्गे.

३ डिसेंबर १९८३ रोजी भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम गोव्याहून निघाली. नेते होते कोयनेच्या भूकंपाचे अभ्यासक हर्ष गुप्ता. या मोहिमेत प्रथमच दोन स्त्रिया होत्या. एक सुदीप्ता, दुसऱ्या आपल्या मराठी मुलखातल्या अदिती पंत. अदितींचा जन्म १९४३ साली नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची. पुढे त्या हवाई व लंडनला शिकल्या आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. एकीने समुद्रातील जीवसृष्टीचा अभ्यास केला, दुसरीने शिर्माकर टेकड्यांचे खडक तपासले. त्याच मोहिमेत 'दक्षिण गंगोत्री' हे केंद्र उभे राहिले. सुदीप्ता १९८९ मध्ये पुन्हा तेथे गेल्या. १९९१ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. जादवपूरला त्यांनी पुढे अनेक वर्षे शिकवले.

इतक्या दूरच्या दगडांशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि अंटार्क्टिका एकाच भूखंडाचे भाग होते. त्या भूखंडाचे नाव गोंडवन, ते मध्य भारतातील गोंडांच्या मुलखावरून पडले. भारत त्यापासून तुटून उत्तरेकडे सरकत असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, लाव्ह्याचे थरावर थर साचले. हिंगोलीचा काळा पाषाण आणि कापसाची काळी माती ही त्याचीच देणगी.

आमच्या मुलींना हे शास्त्र उर्दूत 'अर्जियात' म्हणून ठाऊक होते. दहावीनंतर तेच इंग्रजीत समोर येते. हुशार मुलगी शब्दांना अडखळते, घरचे कॉलेजचे अंतर मोजतात आणि विज्ञान सुटते. दोष केवळ घरच्यांना कसा द्यावा? आम्ही शिक्षकांनीही 'मुलींसाठी आर्ट्स बरे' असे किती वेळा म्हटले आहे. आता आम्ही आठवीपासूनच फळ्यावर प्रत्येक शास्त्रीय शब्द उर्दू, मराठी आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांत लिहू लागलो आहोत. उपाय लहान आहे, पण आमच्या हातातला आहे.

अकराव्या शतकात अल बिरूनीने पाहिले की गंगेच्या पात्रातील दगड डोंगराजवळ मोठे असतात आणि पुढे पुढे बारीक होत जातात. त्यावरून हे मैदान कधीकाळी समुद्र होते व नद्यांच्या गाळाने भरत गेले, असे अनुमान त्याने काढले. दगड वाचण्याची ही परंपरा आपल्यालाही परकी नाही. १० जुलै २०२४ रोजी हिंगोलीची जमीन पुन्हा ४.५ तीव्रतेने हलली. तिचे बोलणे समजून घेणारी एखादी मुलगी याच जिल्ह्यातून, आमच्या वर्गातून निघावी, ही दुआ आहे. दुआसोबत फी, पुस्तके आणि बसचा पास यांची तजवीजही आपणच करायला हवी.