चिंधी वहीत राहिली, मूल पुढे गेले

१/८
दोन-तीन बोटे रुंदीचा कापडाचा तुकडा. अठराव्या शतकातील लंडनमध्ये हजारो तान्ह्या मुलांचा जन्मदात्रीशी उरलेला दुवा एवढाच होता. परक्या घरी वाढणाऱ्या मुलाच्या सोबत काय दिले गेले आणि काय मागे ठेवले गेले, याविषयी हा थ्रेड.

२/८
थॉमस कोरम हा दर्यावर्दी व्यापारी. रस्त्यावर टाकलेली अर्भके पाहून व्यथित झालेल्या या गृहस्थाने अनेक वर्षे खटपट करून १७३९ मध्ये राजा दुसरा जॉर्ज याची सनद मिळवली. २५ मार्च १७४१ रोजी 'फाउंडलिंग हॉस्पिटल'मध्ये पहिली मुले दाखल झाली. नाव हॉस्पिटल, प्रत्यक्षात ते निराधार बालकांचे आश्रयस्थान होते.

३/८
अर्भके मात्र तेथे राहत नसत. त्यांची रवानगी लवकरच खेड्यातील दूधआईकडे होई आणि साधारण पाच वर्षांची होईपर्यंत ती तिच्याच घरी वाढत. दूधआईला वेतन व मुलाला कपडे संस्था पुरवी. गावातील निरीक्षक देखरेख ठेवत. आज आपण ज्याला प्रतिपालकत्व म्हणतो, त्याचेच हे जुने रूप.

४/८
दाखल होताच मुलाचे कपडे उतरवून संस्थेचे घातले जात. नावही नवे मिळे. नोंदपत्रात मूळ कपड्यांची यादी लिहून त्यांचा एक तुकडा टाचला जाई. हेतू एकच : पुढे आई न्यायला आली, तर ओळख पटावी.

५/८
असे ५,००० हून अधिक तुकडे आजही जपलेले आहेत. गरीब स्त्रियांच्या वस्त्रांचा एवढा मोठा पुरावा दुर्मीळच. त्यांत हिंदुस्थानी धर्तीची फुलापानांची छापील कापडेही आहेत. इंग्रजीतील 'चिंट्झ' आणि आपली 'चीट' ही सख्खी भावंडे!

६/८
१७५६ मध्ये संसदेने अनुदान दिले. अट अशी, की येईल ते मूल स्वीकारावे. १७६० पर्यंत सुमारे १५,००० मुले आली. निधी होता, पण इतक्या अर्भकांना पुरतील एवढ्या दूधआया आणायच्या कोठून? सुमारे दोन-तृतीयांश मुले दगावली. १७६० मध्ये संसदेने ही व्यवस्था थांबवली.

७/८
जी जगली, त्यांना पाचव्या वर्षाच्या सुमारास लंडनला परत आणले जाई. अंगावर गणवेश चढे आणि ठाऊक असलेली एकमेव आई गावी राहून जाई. पहिल्या ताटातुटीची खूण वहीत जपली होती. या दुसरीसाठी मात्र वहीत रकानाच नव्हता.

८/८
१७४१ ते १७६० या काळात दाखल झालेल्या १६,२८२ मुलांपैकी केवळ १५२ मुलांना परत नेण्यात आले. बाकीचे तुकडे वहीतच राहिले, म्हणून ते इतिहासाला मिळाले. ज्यांच्यासाठी ते जपले, त्या मुलांच्या हाती मात्र ते कधीच पडले नाहीत. आजही घर बदलणाऱ्या मुलाला कपडे, दप्तर, अंथरूण द्यायलाच हवे. परंतु त्याच्या आधीच्या घराची एखादी वस्तू दप्तरखान्यात न ठेवता त्याच्याच पिशवीत असावी, एवढे तरी या वह्यांकडून शिकता येईल.