घर झालें, टेलिफोन राहिला

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपल्या जुन्या लोकांनीं म्हणून ठेविलें आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चाळीस-पन्नास वर्षांत ज्यांनीं शहराच्या नव्या वस्तींत बिऱ्हाड थाटलें, ते या म्हणींत आणखी एका कार्याची भर घालतील : टेलिफोन पाहावा मागून. आज खिशांतलें यंत्र घेतल्या दिवशींच बोलूं लागतें, त्यामुळें तरुण वाचकांस ही थट्टा वाटेल. परंतु नव्या घरीं टेलिफोनची तार येण्यास खरोखर काय पडत असे याचा हिशेब आम्ही मांडूं लागलों, तेव्हां पावतीवरचा आंकडा हीच त्यांतली सर्वांत हलकी बाब निघाली.

आरंभीं हें यंत्र आपल्याकडे घरासाठीं आलेंच नव्हतें. १८८० सालीं दोन इंग्रजी कंपन्यांनीं हिंदुस्थानांत टेलिफोन काढण्याची परवानगी मागितली, तेव्हां हा मक्ता सरकारचा, असें सांगून ती नाकारण्यांत आली. वर्षभरांत सरकारचें मत पालटलें. ओरिएंटल टेलिफोन कंपनीस कलकत्ता, मुंबई, मद्रास व अहमदाबाद येथें एक्स्चेंज उघडण्यास परवाना मिळाला, आणि २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्त्याच्या एक्स्चेंजचें उद्घाटन झालें. त्याचे ग्राहक होते ९३. पुढें १८८५ च्या तारायंत्राच्या कायद्यानें सर्व अधिकार सरकारकडे गेला. तरी मोठ्या शहरांत कंपन्या परवान्यावर चालत राहिल्या, त्या १९४३ त सरकारनें ताब्यांत घेतल्या. स्वातंत्र्य आलें त्या सुमारास साऱ्या देशांत मिळून अवघे ८०,००० टेलिफोन होते. पेढ्या, कचेऱ्या, साहेबांचे बंगले, थोडे डॉक्टर आणि वकील, इतक्यांतच ते संपत.

टेलिफोन म्हणजे तो काळा डबा, असें घरांतील मंडळी समजत. वस्तुतः त्या सबंध खटाटोपांत डबा सर्वांत स्वस्त. प्रत्येक घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या तारांची एक स्वतंत्र जोडी यावी लागे, आणि एक्स्चेंजच्या यंत्रांत त्या जोडीसाठीं एक जागा राखावी लागे. जागा भरल्या, म्हणजे पुढच्या एका अर्जदारापायीं नवें यंत्र, यंत्रापायीं नवी इमारत, आणि रस्ता खणून नवी केबल, इतका पसारा मांडावयाचा. तो एकट्याच्या माथीं मारतां येत नसे. म्हणून पुरेसे अर्जदार जमेपर्यंत आणि तिजोरींतून पैसा सुटेपर्यंत सर्वांनींच थांबावयाचें. यंत्रें येथेंच व्हावींत म्हणून १९४८ त बंगलोरास सरकारी कारखाना निघाला खरा. पण धरणें, पोलाद आणि धान्य यांच्या पंक्तींत टेलिफोनचें पान शेवटीं मांडलें गेलें. त्या काळची भूक आठवतां आम्हांस यांत सर्वस्वी दोष दिसत नाहीं.

पैशाच्या अडचणीवर तोड काढली ती रफी अहमद किडवाई यांनीं. दळणवळणमंत्री असतांना त्यांनीं ‘ओन युवर टेलिफोन’ ही योजना आणली. तिचें सार असें, कीं ज्याला टेलिफोनची निकड असेल त्यानें एकरकमी पैसा आधीं भरावा, म्हणजे त्याची पाळी लवकर येईल. लोक तिला ‘ओवायटी’ म्हणूं लागले. आम्हांस या कल्पनेचें कौतुक वाटतें आणि तिची चीडही येते. भांडवल नाहीं म्हणून ग्राहकालाच सावकार करणें ही युक्ति चतुर खरी. पण तिच्यामुळें रांगेला दोन तोंडें फुटलीं. १९८० नंतरच्या दशकांत ओवायटीची अनामत ८,००० रुपये होती, तर साध्या अर्जदाराची १,०००. कारकुनी करणाऱ्यास आठ हजार म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार! त्यानें हजार भरावे आणि वर्षें मोजावींत. गंमत अशी, कीं आठ हजार भरणारेही इतके झाले, कीं त्यांचीही रांगच लागली. डॉक्टर, पत्रकार वगैरे मंडळींसाठीं आणखी एक वर्ग होता, तो निराळाच.

नव्या वस्तींत तर पैसाही लुळा पडे. घरें आधीं उठत, एक्स्चेंज मागाहून येई. जुन्या पेठेंत ज्याच्याकडे टेलिफोन होता, त्यानें उपनगरांत घर घेतलें, कीं तिकडे तारा नाहींत म्हणून त्याचा टेलिफोन ‘सेफ कस्टडी’त जमा होई. माणूस नव्या घरीं आणि त्याचा नंबर कचेरीच्या कपाटांत, अशी ती फारकत असे.

आमच्या घराची गोष्ट याहून वेगळी नाहीं. १९८३ सालीं पुण्याच्या एका नव्या वस्तींत आम्ही राहावयास गेलों, तेव्हां वडिलांनीं मोठ्या हौसेनें बैठकीच्या भिंतींत टेलिफोनसाठीं एक कोनाडा ठेवविला होता. अर्ज केला, हजार रुपये भरले, पावती ट्रंकेंत ठेवली. मग सात वर्षें आम्ही शेजाऱ्यांच्या टेलिफोनवर जगलों. त्या काळच्या लग्नपत्रिका ज्यांनीं जपून ठेवल्या असतील त्यांनीं काढून पाहाव्या; नंबरापुढें कंसांत ‘पी. पी.’ हीं दोन अक्षरें आढळतील. नंबर दुसऱ्याचा, निरोप आमचा, असा त्यांचा अर्थ. या दोन अक्षरांची किंमत कोणत्याही पावतीवर नव्हती. शेजारच्या काकूंनीं एका शब्दानेंही कधीं कंटाळा दाखविला नाहीं. पण त्यांचा मुलगा दोन जिने उतरून हांक मारावयास आला, कीं आईचा जीव अर्धा होई. त्यांच्या दिवाणखान्यांत, त्यांच्या पाहुण्यांदेखत, बहिणीच्या सोयरिकीचा नकार आम्हीं उभ्याउभ्या ऐकला आहे. आजोबा गेल्याची बातमीही पहांटे तेथेंच आली, आणि वडिलांना पहिले अश्रू लोकांच्या घरीं ढाळावे लागले. दिवाळीस आई त्यांच्याकडे फराळाचें ताट नेई तें इतरांच्या ताटांहून मोठें असे.

१९८४ त सी-डॉट ही संस्था स्थापन होऊन देशी यंत्रें बनूं लागलीं, मुंबई-दिल्लीचा कारभार १९८६ पासून महानगर टेलिफोन निगमाकडे आला, तरी रांग हटेना. १९९१ च्या सुमारास देशांत ५० लाखांच्या आसपास जोडण्या होत्या आणि जवळजवळ २० लाख अर्जदार ताटकळत होते. पुढें ‘तत्काळ’ म्हणून ३०,००० रुपये अनामतीचा आणखी एक वर्ग निघाला. १९९४ च्या राष्ट्रीय धोरणानें मागतांक्षणीं टेलिफोन देण्याचें वचन दिलें. तें पुरें होण्यापूर्वींच, ३१ जुलै १९९५ रोजीं, कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं बिनतारी यंत्रावरून बोलून मोबाइलचा आरंभ केला. तांब्याच्या जोडीची गरजच ज्यांत नाहीं, असा टेलिफोन आला.

आमच्या घरीं तार आली ती १९९० त. जोडणी करणारा माणूस कोनाड्यापाशीं आला आणि थबकला. सात वर्षें रिकामा कोनाडा बरा दिसेना म्हणून आईनें त्यांत गणपति बसविला होता, आणि तो हलवावयास ती तयार होईना. टेलिफोन शेवटीं खालीं स्टुलावर ठेवला. पहिला नंबर फिरवला तो शेजारच्या काकूंचा.