पाळणाघरातले पडणे

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आपल्याकडे संप, पगार आणि बोनस यांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत राबणाऱ्या बायकांची तान्ही मुले मात्र त्यात फारशी दिसत नाहीत. आई खात्यात असताना ही मुले दिवसभर करीत काय?

एक उत्तर डॉ. बार्न्स यांच्या १९२२ च्या पाहणीत सापडते. गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाची स्थिती तपासण्याचे काम मुंबई सरकारने या डॉक्टरबाईंवर सोपवले होते. कामगार स्त्रियांच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते, असे त्यांनी नोंदवले. ही अफू 'बाळगोळी' या लाडिक नावाने मिळे. त्या आयांना निर्दय ठरवणे सोपे आहे. पण अफूने निजलेले मूल रांगत नाही, जिन्यावरून पडत नाही, यंत्राच्या पट्ट्याकडे हात नेत नाही. दहा तास लेकरापासून दूर राहणाऱ्या बाईच्या हाती सुरक्षिततेचा तेवढाच उपाय होता, आणि तो उपाय म्हणजे विष होते.

पाळणाघर आले ते या गोळीला पर्याय म्हणून. (आपल्या शब्दात झोपेचा पाळणा आहे. १८४४ साली पॅरिसमध्ये फिर्मँ मार्बो यांनी असे पहिले घर उघडले, तेव्हा त्याला 'क्रेश' म्हणजे गव्हाण म्हटले. येशू जन्मला ती.) व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या ठरावीक कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४८ ने त्या खोलीचे कर्तव्यात रूपांतर केले. १९७६ साली पन्नासची मर्यादा तीसवर आली.

परंतु अफू सुटलेले मूल जागे असते, आणि जागे मूल पडते. कायद्याने खोलीचा विचार बारकाईने केला होता: उजेड, हवा, कपडे धुण्याबदलण्याची सोय, मोफत दूध किंवा खाऊ, आईला पाजायला येण्याची मुभा. सांभाळणारी स्त्री बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेली असावी, असेही त्यात होते. मुलाचा हात मोडला तर काय, हे मात्र या कलमात नाही. त्यासाठी कलम ८८ पाहावे लागते. अपघातात मृत्यू आला, किंवा जखमी व्यक्ती ४८ तास अथवा अधिक काळ काम करू शकली नाही, तर व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना कळवावे, असे ते सांगत होते. दोन वर्षांचे मूल कामावरच नसते. मग त्याचा खाडा कसा मोजणार? दुखापतीचे मापच बुडालेले काम हे असल्यामुळे, मूल मरण पावले तरच त्याची दखल. फुटलेली हनुवटी त्या मापात बसत नव्हती. आमच्या मते हा निव्वळ विसर नव्हे. मूल कायद्यात आले ते आईच्या कामातला अडथळा म्हणून, त्यामुळे त्याच्या वेदनेला स्वतंत्र रकाना मिळाला नाही. २०२० च्या संहितेने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९४८ च्या कायद्याची जागा घेतली; ४८ तासांचे माप तिथेही आहे.

म्हणून जखम हाताळण्याचे सारे ओझे सांभाळणाऱ्या बाईवर येऊन पडते. ती जखम धुते, बर्फ लावते, आणि घडले ते आईला सांगायचे की कामाच्या भीतीने 'खेळताना लागलं' एवढ्यावर भागवायचे, हे तिचे तीच ठरवते. मूल अजून बोलत नसेल तर दुसरा साक्षीदार नसतो. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळच्या बांधकामावर 'मोबाइल क्रेशेस'चे काम सुरू केले, तेव्हा निदान अंतर तरी कमी होते: विटांचा ढीग होता तिथेच तंबू, आणि आई हाकेच्या टप्प्यात.

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात पाळणाघर आले, तेव्हा आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. कपाळावरचे टेंगूळ संध्याकाळपर्यंत लपून राहू नये, याची सोय त्या चार फेऱ्यांनी नकळत केली. मात्र ती पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरतीच. घरकाम करणाऱ्या बाईचे मूल त्या हिशेबात नाही.