व्यवसायोपचारात व्हिडिओ गेम आणि मोबाइलचा कॅमेरा

अर्धांगवायूच्या रुग्णाला घरी नेल्यावर काही आठवड्यांतच नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हात लवकर सुधारावा म्हणून व्हिडिओ गेमचा संच घेऊ का?" स्वमग्न मुलांचे पालक नेमके उलटे विचारतात, "याचा मोबाइल सुटावा म्हणून आलो, आणि थेरपिस्ट त्यालाच व्हिडिओ काढायला सांगतात, हे कसे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

व्यवसायोपचार म्हणजे काय?

या शब्दातील 'व्यवसाय' म्हणजे नोकरीधंदा नव्हे. आंघोळ, जेवण, शर्टाची बटणे लावणे, वहीत लिहिणे, दुकानाचे कुलूप उघडणे अशी दिवसभराची सगळी कामे त्यात येतात. आजारामुळे अडलेली ही कामे पुन्हा करता यावीत, यासाठी ऑक्युपेशनल थेरपी असते. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा सुरू केली. १९५८ मध्ये नागपुरात, आपल्या 'मेडिकल'मध्ये, दुसरी सुरू झाली. त्या पिढीची साधने म्हणजे विणकाम, सुतारकाम, मातीकाम. रुग्णाला नुसता व्यायाम न देता हेतू असलेले काम द्यायचे, ही त्यामागची कल्पना. व्हिडिओ गेम त्याच पंगतीत बसतो.

गेमचा उपयोग कशासाठी?

मेंदूच्या एका भागाला इजा झाली की त्याचे काम उरलेल्या भागाला शिकवावे लागते, आणि त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. 'हात वर, हात खाली' करून माणूस दहाव्या वेळीच कंटाळतो. पडद्यावरचा चेंडू अडवायचा असला की तो मोजायचे विसरतो. २००६ मध्ये आलेल्या निन्टेन्डो वीचा रिमोट हाताची हालचाल ओळखत असे. २०१० च्या किनेक्टमध्ये तर हातात काही धरावेच लागत नसे, कॅमेराच शरीराची हालचाल टिपत असे. ज्यांची मूठ वळत नाही त्यांच्यासाठी ही मोठी सोय होती.

पण महागडा संच घेण्याआधी एक अभ्यास लक्षात घ्या. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधील १४१ रुग्णांवरचा हा अभ्यास २०१६ मध्ये 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. सर्वांचे नेहमीचे उपचार चालू होते. त्याशिवाय एका गटाला वी खेळायला दिला, तर दुसऱ्याला पत्ते, बिंगो, जेंगा, चेंडू असे साधे खेळ. हात दोन्ही गटांचे सुधारले, पण गेम खेळणारे साध्या खेळवाल्यांच्या पुढे गेले नाहीत.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. थेरपी केंद्रात गेम असेल तर जरूर वापरा, पण त्यासाठी उसनवारी करू नका. तो पैसा थेरपीच्या फेऱ्यांना लागेल. घरी पत्ते पिसा, संत्री सोला. संत्रे सोलताना एक हात धरतो आणि दुसरा काम करतो, आणि थेरपीला नेमके हेच हवे असते.

गेमची एक खोडही आहे. त्याला गुण द्यायचे कळते, हालचाल कशी झाली ते कळत नाही. खांदा उचलून किंवा कंबरेतून झुकून रुग्ण चेंडू अडवतो, गुण वाढतात आणि कोपर मात्र तसाच आखडलेला राहतो. चुकीची सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो. त्यामुळे सुरुवात थेरपिस्टच्या नजरेखालीच व्हावी. "या गेमने कोणते रोजचे काम सुधारेल?" हे त्यांना विचारा. 'पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेणे' असे ठोस उत्तर मिळायला हवे.

व्हिडिओ काढणे हा उपचार कसा?

माझ्या मते हे साधन गेमपेक्षा जास्त उपयोगी आहे, आणि ते बहुतेक घरांत आहेच. स्वमग्न मूल दात घासताना मध्येच थांबते. प्रत्येक पायरी वेगळी चित्रित करा, तुमची मदत दिसते तो भाग काढून टाका आणि उरलेले तुकडे जोडा. आता मूल स्वतःलाच पूर्ण काम करताना पाहते. अनेक मुले तोंडी सूचनेपेक्षा अशा दोन मिनिटांच्या चित्रफितीवरून लवकर शिकतात. थोड्या मोठ्या मुलाला ती स्वतःच बनवू द्या. आधी काय, नंतर काय, कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवण्यात नियोजनाचा सराव होतो. फोन स्थिर धरण्यात दोन्ही हातांचा होतो.

अर्धांगवायूच्या रुग्णाचा पहिल्या आठवड्यातला व्हिडिओ जपून ठेवा. महिन्याभराने "काहीच फरक नाही" म्हणून तो खचला की दाखवा. गडचिरोली-चंद्रपूरकडून नागपूरला वारंवार येणे शक्य नसेल, तर घरच्या सरावाचा व्हिडिओ पाठवता येईल का, हे थेरपिस्टना विचारा. चित्रण बाजूने करा, खांदा आणि कंबर दोन्ही दिसू द्या. रुग्णाची संमती घ्या. आंघोळीचे किंवा कपडे बदलतानाचे चित्रण करू नका आणि कोणताही व्हिडिओ कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका.

काळजी

फिट येत असतील तर झगमगणाऱ्या पडद्याचा गेम सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. तोल जात असेल तर खुर्चीत बसूनच खेळा. लुळा हात ओढून कुणीही 'मदत' करू नये, त्याने खांद्याला इजा होते. खेळताना खांदा दुखला, चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबा. छातीतले दुखणे थांबले नाही, तोंड नव्याने वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर थेरपिस्टच्या फोनची वाट न पाहता १०८ ला फोन करा.