उत्तरपत्रिका कोणाची? बारावीच्या रसायनशास्त्राच्या काळजीचा इतिहास

चारठाणा म्हटलं की इतिहासाच्या विद्यार्थ्यांना जुनी मंदिरं आणि तो उंच कोरीव स्तंभ आठवतो. आज त्याच गावातल्या एका वेगळ्या दस्तऐवजाबद्दल बोलू. हा दस्तऐवज गावात तयार होतो, गाव सोडून जातो आणि परत येत नाही. बारावीची रसायनशास्त्राची उत्तरपत्रिका.

पेपर सुटल्यावरचं बोलणं तुम्हीही कधीतरी केलंच असेल. "नर्न्स्टच्या समीकरणात मी ०.०५९ घेतलं, तू ०.०५९२. कापतील का?" "सूत्र बरोबर, किमती बरोबर, लॉग टेबल बघताना घोळ झाला. निम्मे तरी देतील ना?" "एकक लिहायचं राहिलं रे." दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीत एकदम इंग्रजी माध्यमात पडलेल्यांची काळजी आणखी वेगळी असते: मला येत होतं, पण मी लिहिलेलं तपासणाऱ्याला कळेल का? (परक्या भाषेतलं रसायनशास्त्र या भागाला नवं नाही. परभणी निजामाच्या राज्यात होतं, आणि १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू होतं.)

लेखी परीक्षा ७० गुणांची असते. गठ्ठा परीक्षकाकडे जातो, त्यावर नियामक, त्याच्यावर मुख्य नियामक. परभणी जिल्हा ज्या विभागीय मंडळात येतो ते औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. पोरांना यातलं काहीच दिसत नाही. त्यांना दिसतो थेट निकाल.

आता संशोधनाचा मुद्दा. "विद्यार्थ्यांची काळजी" हा विषय घेऊन तुम्ही मार्गदर्शकांकडे गेलात तर पहिला प्रश्न येईल, साधनं कुठे आहेत? काळजीचं दप्तर कुठल्याच अभिलेखागारात नसतं. पण ती ज्या नियमातून येते, तो नियम कागदावर असतो. म्हणून प्रश्न जरा वळवून घ्या: तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क कोणाला होता, आणि कधीपासून? असं विचारलं की साधनं दिसायला लागतात.

महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाची १९७७ ची विनियमावली काढा आणि विनियम १०४ वाचा. विद्यार्थ्याला गुणपडताळणी मागता येत होती, पण त्यात बघणार काय, तर सगळी उत्तरं तपासली गेलीत का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढंच. याच विनियमाचं तिसरं कलम पुढे सांगतं की पुनर्मूल्यांकन मागता येणार नाही आणि उत्तरपत्रिका पाहताही येणार नाही, कारण ती अत्यंत गोपनीय आहे. म्हणजे लॉग टेबलच्या त्या घोळाला किती गुण मिळाले, हे कळायची सोयच नव्हती. कळत होती फक्त बेरीज.

काही विद्यार्थी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायालयानं ते तिसरं कलम रद्द ठरवलं. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १७ जुलै १९८४ ला न्यायमूर्ती बालकृष्ण एराडींनी लिहिलेल्या निकालानं ते कलम पुन्हा जिवंत केलं. निकालाला कधीतरी अंतिम म्हणावंच लागतं, रोज परीक्षा चालवणाऱ्या जाणकारांच्या जागी न्यायालयानं आपलं मत बसवू नये, असा त्यातला युक्तिवाद. तो पटो न पटो, नीट वाचा. प्रशासनाची बाजू इतकी स्वच्छ मांडलेली क्वचित सापडते.

पण एकट्या या निकालावर प्रकरण लिहू नका. त्याच्या शेजारी एक वर्ष आधीचा, १९८३ चा, कानपूर विद्यापीठाचा निकाल ठेवा. उत्तर प्रदेशातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या चाचणीत विद्यापीठानं छापलेली उत्तरंच काही ठिकाणी चुकीची होती. निकाल लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या माणसानं. ते म्हणतात, उत्तरसूची छापलीच नसती तर वाद झाला नसता हे खरं, पण शेकडो मुलांचं भवितव्य गुंतलेलं असताना असा विचार करणं बरोबर नाही. सूची बरोबर आहे असं आधी धरायचं. मात्र ती चुकीची असल्याचं स्पष्ट सिद्ध झालं तर बरोबर उत्तर लिहिणाऱ्याला शिक्षा नको.

दोन्ही निकाल एकत्र वाचल्यावर मला जे दिसतं ते असं: पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत विद्यार्थ्याला भांडायला जागा मिळाली, कारण तिथे उत्तर छापलेलं होतं. वर्णनात्मक परीक्षेत ती मिळाली नाही, कारण तिथे "बरोबर" काय हे परीक्षकाच्या लाल पेनात होतं आणि ते पान बंद होतं. रसायनशास्त्राचा पेपर या दोन्हींच्या मधे येतो. त्यातल्या गणिताचं उत्तर एकच असतं, पण पायऱ्यांचे गुण कोणीतरी ठरवून द्यायचे असतात.

बंद पान उघडलं ते ९ ऑगस्ट २०११ ला. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा. सीबीएसईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही त्या कायद्याखालची "माहिती" आहे आणि विद्यार्थी ती पाहू शकतो. परीक्षकाचं नाव मात्र झाकायचं. आणि पाहण्याच्या या हक्कात पुनर्मूल्यांकन येत नाही. १९८४ चा निकाल यामुळे उलटला, असं सरसकट लिहू नका. तो मंडळाच्या नियमांबद्दल होता, हा संसदेच्या कायद्याबद्दल.

आज चारठाण्याच्या पोराची काळजी सीईटीकडे सरकली आहे. तिथे रसायनशास्त्राचे ५० प्रश्न, ५० गुण, चुकीला वजाबाकी नाही. पण परीक्षा अनेक सत्रांत होते आणि हातात येतो तो पर्सेंटाइल, म्हणजे तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा कमी गुण असलेले किती टक्के. मग "माझं सत्र अवघड होतं" ही नवी तक्रार. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या पर्यायांतच चुका निघाल्या आणि ५ मे ला फेरपरीक्षा घ्यावी लागली.

या विषयावर काम करायचं ठरवलंत तर एक अडचण आधीच सांगते. उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतात. सीबीएसईच्या त्या खटल्याच्या वेळी ही मुदत तीन महिन्यांची होती. पाहण्याचा हक्कही तेवढाच टिकतो. त्यामुळे आपल्याला मिळतात ते विनियम, निकालपत्रं, वर्तमानपत्रांतली पत्रं आणि ज्यांनी तेव्हा पेपर लिहिले किंवा तपासले त्या माणसांच्या आठवणी. १९८० च्या आसपास गठ्ठे तपासलेले शिक्षक आता सत्तरी-ऐंशीत आहेत. मुलाखती आधी घ्या, ग्रंथालय नंतर.