छत्रपतींकडून पेशव्यांकडे : मराठी राज्यातील सत्तांतर

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी राज्याचा प्रत्यक्ष कारभार साताऱ्याच्या छत्रपतींकडून पुण्याच्या पेशव्यांकडे गेला. गादी, अष्टप्रधानांची पदे आणि शिक्के कायम राहिले. निर्णयाचा अधिकार मात्र एका प्रधानाच्या घराण्यात एकवटला. तळेगाव दाभाडे येथील सेनापती दाभाडे घराण्याचा उदयास्त या स्थित्यंतराशी निगडित आहे.

शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत (राज्याभिषेक १६७४) पेशवा आणि सेनापती हे दोघेही छत्रपतींचे सेवक होते. पदे वंशपरंपरेने चालत नसत आणि वेतन रोख मिळे. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंजताना सरदारांना सरंजाम (फौजेच्या खर्चासाठी मुलूख) देणे भाग पडले. फौजेचा खर्च सरदार स्वतः भागवू लागले, तेव्हा शिलेदारांची निष्ठाही त्यांच्याकडे वळली. पुढील सत्तांतराचे हेच मूळ कारण होय.

शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद आणि १७१७ मध्ये तळेगावच्या खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले. दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई (महसुलाचा चौथा हिस्सा) व सरदेशमुखीच्या (दहावा हिस्सा) सनदा मोगल बादशहाकडून १७१९ मध्ये हाती आल्यावर वसुलीचे प्रदेश सरदारांत वाटले गेले. गुजरात व बागलाण सेनापतींकडे आले. १७२० मध्ये पेशवेपद बाळाजींचे पुत्र पहिले बाजीराव यांना मिळाले आणि ते त्या घराण्यात वंशपरंपरागत झाले. खंडेराव १७२९ मध्ये वारले. तळेगावात बनेश्वर मंदिराच्या परिसरात त्यांची समाधी आहे.

खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव सेनापती झाले. गुजरातच्या चौथाईवर पेशव्यांनी हक्क सांगताच दोन्ही पक्षांत वितुष्ट आले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ झालेल्या लढाईत त्रिंबकराव मारले गेले. शाहू महाराजांनी त्यांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना सेनापतिपद दिले आणि गुजरात दाभाड्यांकडेच ठेवला. पण तेथील निम्मा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरण्याची अट घातली. यशवंतराव लहान असल्याने मातोश्री उमाबाई कारभार पाहत. १७३२ मध्ये त्यांनी स्वतः अहमदाबादवर स्वारी केली. सेनापतिपद टिकले, तरी पेशव्यांना शह देऊ शकेल असा प्रधान आता दरबारात उरला नाही.

शाहू महाराज १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. सप्टेंबर १७५० च्या सांगोल्याच्या कराराने त्यांचे वारस रामराजे यांनी राज्यकारभाराचा अधिकार बाजीरावांचे पुत्र पेशवे बाळाजी बाजीराव यांच्याकडे सोपवला आणि पुणे हे कारभाराचे केंद्र बनले. त्याच वर्षी राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. ताराबाईंच्या बाजूने उमाबाईंनी आपले सरदार दमाजी गायकवाड यांना फौजेसह पाठवले. १७५१ मध्ये साताऱ्याजवळ वेण्णा नदीकाठी ही फौज अडकली, दमाजी पकडले गेले आणि दाभाडे कुटुंबही कैदेत पडले. पुढील तडजोडीने गुजरातचा निम्मा भाग पेशव्यांना मिळाला आणि उरलेल्यावर दाभाड्यांऐवजी गायकवाडांचा अंमल बसला. उमाबाई १७५३ मध्ये वारल्या. तळेगावकडे सेनापती हा किताब राहिला. फौज व मुलूख मात्र गेले.

प्राचीन रोममधील प्रजासत्ताकाचा शेवटही असाच टप्प्याटप्प्याने झाला. तेथेही सैन्य राज्यापेक्षा सेनानींशी अधिक बांधले गेले होते. सीझरच्या यादवीनंतर इ. स. पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियमची लढाई जिंकून त्याचा वारस ऑक्टेव्हियन सर्वसत्ताधीश झाला. इ. स. पू. २७ मध्ये सेनेटने त्याला ऑगस्टस ही पदवी दिली. सेनेट व कॉन्सल ही पदेही चालू राहिली. दोन्हीकडे जुन्या संस्थांची मान्यता नव्या सत्तेला हवी होती. फरक असा की, रोममध्ये राजा नव्हता, तेथे सम्राट आला. मराठी राज्यात राजा होताच, म्हणून पेशव्यांनी स्वतःला राजा म्हणवले नाही.

यामुळेच पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच येत. दुसऱ्या बाजीरावांनाही १७९६ मध्ये ती तेथूनच मिळाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली. इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर राज्यकारभार दिला, पण तो आपल्या वर्चस्वाखाली.